तुम्ही किती देवांचे?

गेल्या आषाढात एक तरुण माझ्या ओसरीवर येऊन बसला. गावातलाच, मी चौथीला शिकवलेला. हातात दोनशे पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर त्याने रकाने आखून ठेवले होते. कुलदैवत, लग्नाचे विधी, मयताचे विधी, सण, बोलीतले शब्द, नाच. रकाने सगळे रिकामे.

‘सर, तुम्ही किनवटला नऊ वर्षं काढलीत. एवढं भरून द्या. कमिटीपुढं हेच विचारतात म्हणं.’

त्याच्या चुलत्याने कुठूनसा अनुसूचित जमातीचा दाखला काढून आणला होता. त्याच्या आधारावर यानेही अर्ज केला होता आणि आता पडताळणी समितीसमोर उभं राहायचं होतं. जमातीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याच्या सात पिढ्यांत त्या जमातीतली सोयरीक नाही, हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी वही मिटून त्याच्या हातात दिली. तो रागावला नाही. उठताना एवढंच म्हणाला, ‘सर, तीन एकर कोरडवाहू, दोन वर्षं कापूस हातचा गेला. माझी परिस्थिती आदिवासीपेक्षा काय बरी आहे सांगा.’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तो प्रश्न खोटाही नव्हता. पण त्याने वही उघडली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जे आलं, ते सांगितल्याशिवाय मी वही का मिटली हे कळायचं नाही.

१९७९ साली मी जिल्हा परिषदेचा शिक्षक म्हणून किनवट तालुक्यात रुजू झालो. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या माळरानातून, त्वरितादेवीच्या डोंगराखालून निघालेला मी, सागाच्या जंगलात जाऊन पडलो. किनवट आज नांदेडात असलं तरी १९५६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आणि तिथले गोंड, कोलाम अजूनही सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे पायी जाऊन येत. दिवाळीच्या आधी गावात दंडारी सुरू होई. त्यात घुसाडी असतात. डोक्यावर मोरपिसांची भलीमोठी टोपी, अंगाला राख, खांद्यावर शेळीचं कातडं, हातात काठी. बाहेरच्याला वाटतं, काय सुंदर सोंग आहे. ते सोंग नसतं. टोपी चढवली की तो माणूस तेवढे दिवस आंघोळ करत नाही, अनेक नेम पाळतो, त्याला देवाचं माणूस मानतात. टोपीची आधी पूजा होते. नाचणारी मंडळी गावोगाव पाहुणी जातात, आणि त्या पाहुणचारात सोयरिकी जुळतात. पण त्याआधी एक प्रश्न विचारला जातो : तुम्ही किती देवांचे?

गोंडांमध्ये कुळांचे गट देवांच्या संख्येवरून ओळखतात. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. एकाच संख्येचे लोक भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. या एका प्रश्नात माणसाचं घर, कुळ, कुठे मुलगी देता येते नि कुठे नाही, सगळं येतं. त्याचं उत्तर पुस्तकातून पाठ करता येईल, पण पुढचा प्रश्न लगेच येतो : कुणाच्या घरचे? आणि मग तिसऱ्या गावचा कुणी म्हातारा म्हणतो, हो, याच्या आजीला मी ओळखतो. ओळख पक्की होते ती तिथे.

बदली होऊन मी बीड जिल्ह्यात परत आलो. १९९१ साली एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ‘आदिवासी नृत्य’ बसवलं. पुठ्ठ्यावर मोरपिसं चिकटवून टोप्या केल्या, मुलांना चुन्याचे पट्टे ओढले. कंबरेला पानं बांधली, जी मी किनवटमध्ये कुणाच्याही कंबरेला पाहिली नव्हती, पण संमेलनात तशी प्रथा होती. टाळ्या भरपूर पडल्या. त्याच आठवड्यात किनवटकडचे माझे एक जुने सहकारी, गोंड शिक्षक, प्रशिक्षणासाठी बीडला आले होते आणि मुक्कामाला माझ्याकडे होते. कार्यक्रम त्यांनी पूर्ण पाहिला. रात्री जेवताना हळूच म्हणाले, ‘टोपी कुठून आणली, गुरुजी?’

‘बनवली.’

‘बनवत नाहीत ती अशी. पूजेत असते.’ थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘आणि ही लेकरं किती देवांची?’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मी ज्याचा खेळ केला, तो त्यांच्या घरातला देव होता. त्या दिवसानंतर मी एकाही संमेलनात कुणाला पिसं लावली नाहीत. तीसहून जास्त वर्षांनी समोर आलेली ती आखलेली वही मला त्याच टोपीसारखी वाटली. पुठ्ठ्यावर चिकटवायची मोरपिसं मला त्या मुलाच्या वहीत भरायची होती.

वाचकांपैकी अनेकांनी ‘बोगस आदिवासी’ हा शब्द ऐकला असेल. हे प्रकरण उभं कसं राहिलं ते थोडक्यात सांगतो. घटनेच्या कलम ३४२ नुसार अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने निघाली. त्या यादीत बदल करायचा अधिकार फक्त संसदेला. सुरुवातीला या जमातींना क्षेत्रबंधन होतं, म्हणजे ठरावीक तालुक्यांत, जिल्ह्यांत राहणाऱ्यांनाच सवलत. त्यामुळे एकाच जमातीतला एक भाऊ यादीत आणि डोंगराच्या पलीकडचा दुसरा भाऊ बाहेर, असा अन्याय होत होता. १९७६ च्या कायद्याने हे बंधन उठवलं. योग्यच केलं. पण त्याच दारातून दुसरेही आत शिरले. नावात साम्य असलेल्या, परंतु जमात नसलेल्या अनेक समाजांतून दाखले निघू लागले. जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची संख्या १९७१ ला साडेएकोणतीस लाख होती, ती १९८१ ला सुमारे ५७ लाख ७२ हजार झाली. यातले पुष्कळ जण क्षेत्रबंधन गेल्यामुळे हक्काने मोजले गेले, हे लक्षात घेऊनही वाढ डोळ्यात भरते. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत काम केलेले आणि स्वतः महादेव कोळी असलेले डॉ. गोविंद गारे यांच्यासारखे अभ्यासक यावर सातत्याने लिहीत राहिले.

नावांचा घोळ कसा होतो पाहा. यादीत ‘हलबा’ आहे, विणकर समाजातले लोक स्वतःला ‘हलबा कोष्टी’ म्हणवतात. यादीत ‘कोळी महादेव’ आहे, पण नदीकाठी मासे धरणारे, होड्या चालवणारे कोळी वेगळे. आमच्या मराठवाड्यात ‘मन्नेरवारलू’ हे नाव यादीत कोलामांच्या जोडीला येतं, आणि त्याच्याशी उच्चाराने जवळ असलेला, तेलंगणातून आलेला मुन्नूरवार हा शेतकरी समाज निराळा. दाखल्यावर दोन अक्षरं इकडची तिकडे झाली की पुढच्या तीन पिढ्यांचं भवितव्य बदलतं.

हे सगळे लबाड होते असं मी म्हणणार नाही. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं मेली. यादीत ‘गोंड गोवारी’ असं नाव आहे, आणि आम्ही तेच, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी लेकुरवाळ्या बाया जिवाला मुकल्या. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांचं म्हणणं मान्य केलं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये नाकारलं, गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे असं सांगून. गुरं राखणाऱ्या त्या समाजाची गरिबी खरी होती, मागणीही त्यांनी उघडपणे, रस्त्यावर उतरून केली होती.

उघड मागणी आणि गुपचूप दाखला यांत मी फरक करतो. आम्हालाही यादीत घ्या, असं म्हणण्याचा हक्क प्रत्येक समाजाला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, त्यानंतर आम्हालाही जमातींच्या यादीत घ्या म्हणत बीडमध्ये बंजारा समाजाचा मोठा मोर्चा निघाला, त्याला आदिवासी संघटनांनी विरोध केला. तो वाद चव्हाट्यावर चालू आहे, संसदेपर्यंत जाईल, तिथे त्याचा निकाल लागेल. मराठा-कुणबी नोंदींचा प्रश्नही असाच, आमच्या गेवराईच्या शेजारच्या अंतरवाली सराटीपासून पेटलेला. मात्र ‘मला यादीत घ्या’ म्हणणं वेगळं, आणि ‘मी आधीपासूनच त्यांच्यातला आहे’ असं त्यांना न विचारता म्हणणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ज्यांचं नाव आपण घेतो त्यांच्या ताटातलं उचलतो, आणि त्यांना कळूही देत नाही.

१९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात पडताळणीची रीत घालून दिली. मग महाराष्ट्राने २००० चा जात प्रमाणपत्र कायदा केला. त्यानुसार आपली जमात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. दक्षता पथक गावात येतं, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा पाहतं, आजोबा-पणजोबांची नोंद शोधतं. आणि त्याबरोबर देव, विधी, बोली, चालीरीती विचारून जमातीशी जवळीक आहे का ते पाहतं. या कसोटीला अफिनिटी टेस्ट म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याने आखलेले रकाने तिचेच.

या कसोटीवर माझा राग आहे. तिचा हेतू चांगला, पण तिने ओळखीची परीक्षा नाटकाच्या तालमीसारखी केली. सय्यद सिराज उल हसन यांचा निजाम राज्यातल्या जाती-जमातींवरचा १९२० चा ग्रंथ, रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे खंड, यांतले उतारे पाठ केले की वहीतले रकाने भरतात. पैसे घेऊन ते भरून देणारी माणसंही मला माहीत आहेत. पण पुण्यात वाढलेली, संगणकावर काम करणारी, आश्रमशाळेतून पुढे गेलेल्या आईबापांची खरीखुरी कोलाम मुलगी त्याच प्रश्नांना अडखळते. तिला शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाने लिहिलेला विधी माहीत नसतो, कारण तो तिच्या घरात आता तसा होत नाही. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की ही कसोटी म्हणजे अंतिम लिटमस चाचणी नव्हे. शहरं, शिक्षण, स्थलांतर यांनी चालीरीती बदलतात. हा निकाल वाचला तेव्हा मला माझ्या त्या गोंड सहकाऱ्यांची आठवण आली. त्यांनी मला नाच विचारला नव्हता, माणसं विचारली होती.

दरम्यान ज्यांचे दाखले अवैध ठरले, त्यांचं काय झालं? ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खोट्या दाखल्यावर मिळालेली नोकरी किती वर्षं केली याला महत्त्व नाही, ती टिकणार नाही. त्यावर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर अकरा महिन्यांसाठी ठेवलं. साडेबारा हजार पदांचा आकडा आदिवासी संघटना तेव्हापासून मोर्चांत मांडत आहेत. त्या पदांच्या रांगेत उभ्या असलेल्या किनवटच्या, धडगावच्या, एटापल्लीच्या मुलांचं वय या काळात उलटून गेलं. कुणाचं तरी पेन्शन सुरक्षित झालं आणि कुणाची तरी भरतीची मर्यादा संपली.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असं मला वाटे. २०२३ च्या उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेलो, तेव्हा जावयांनी एका जुन्या लाकडी किल्ल्यावर नेलं. तिथे हौशी लोक जुन्या पोशाखात अठराव्या शतकातली इंग्रज-फ्रेंच लढाई उभी करून दाखवतात. ती लढाई संपली १७६३ साली. त्याच वर्षी १० ऑगस्टला आमच्या गेवराई तालुक्यात, गोदाकाठी राक्षसभुवनला, माधवराव पेशव्यांच्या काळात निजामाशी लढाई झाली. म्हणून मी जरा जास्तच कान देऊन ऐकत होतो. तिथे एक माणूस हरणाच्या कातड्याचा सदरा घालून, तोंडाला लाल रंग लावून, चांदीच्या बाळ्या घालून उभा होता. मुलांना सांगत होता, मी अबेनाकी आहे. माझी पणजी होती, घरच्यांनी लपवून ठेवलं.

त्याचं खरं की खोटं हे मला ठरवता येणार नाही. पण परत आल्यावर मी अबेनाकींविषयी मिळेल ते वाचलं. अबेनाकी हे न्यू इंग्लंडचे मूळ रहिवासी. ४ ऑक्टोबर १७५९ रोजी इंग्रजांचा अधिकारी रॉबर्ट रॉजर्स याने त्यांचं सेंट फ्रान्सिस हे गाव पहाटे जाळलं. मेले त्यांत बायका-मुलं होती. तो हल्ला आजही हौशी मंडळी मोठ्या उत्साहाने करून दाखवतात. ते गाव मात्र संपलं नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ओडानाक या नावाने ते आजही नांदतं, शेजारी वोलिनाक आहे. त्या लोकांकडे बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत, वंशावळी आहेत, भाषा आहे.

सीमेच्या अलीकडे, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०११ आणि २०१२ मध्ये चार गटांना अबेनाकी म्हणून मान्यता दिली. त्यातल्या एका गटाने केंद्र सरकारकडेही मान्यता मागितली होती. २००७ मध्ये ती नाकारली गेली. सरकारी तपासणीत त्या गटाच्या १,१७१ सदस्यांपैकी केवळ ८ जणांचा वंश अबेनाकी पूर्वजापर्यंत पोचत असल्याचं आढळलं. ओडानाकचे लोक वर्षानुवर्षं विचारत आहेत : आमच्या वंशावळीत तुम्ही कुठे आहात? तुमची कुठली आजी आमच्या गावची? मान्यता देताना आम्हाला का विचारलं नाही? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की १९२५ पासून व्हरमाँटमध्ये वंशशुद्धीच्या नावाखाली गरिबांची पाहणी झाली, १९३१ मध्ये नसबंदीचा कायदा झाला, त्या भीतीने आमच्या आज्यांनी ओळख लपवली. कायदा खरोखर झाला होता, आणि २०२१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने माफीही मागितली. भीतीने ओळख लपवणारी माणसं जगात सगळीकडे आहेत, हेही खरं. पण लपलेली आजीसुद्धा कुठल्या तरी गावची असते, आणि ते गाव अजून जागेवर असेल तर पहिल्यांदा तिथे जाऊन विचारायला हवं.

किल्ल्यावरचा तो माणूस आणि माझा विद्यार्थी यांच्यात मोठं अंतर आहे. एकाला मान हवा होता, दुसऱ्याला पोट भरायचं होतं. माझी सहानुभूती माझ्या विद्यार्थ्याकडे आहे. पण दोघांनी एकच पायरी गाळली. ज्यांचं नाव घेतलं त्यांच्या दारात ते गेले नाहीत.

आणि आमच्या दाराशी खरे आदिवासी आहेत, हे आम्ही तलवाडेकर विसरतो. गेवराई तालुक्यात, गावांच्या कडेला, गायरानावर फासेपारधी राहतात. पारधी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. त्यांना कोणी नाच विचारायची गरज नाही, ते पारधी आहेत हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच पालावर जातात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का तसाच राहिला. संशय घेताना जात पक्की, दाखला देताना मात्र पुरावा आणा.

माझ्याकडे नववीत एक पारधी मुलगी शिकत होती. गणितात वर्गात पहिली. दाखल्यासाठी तिला १९५० पूर्वीचा रहिवास दाखवायला सांगितलं. तिच्या पणजोबाच्या नावावर जमीन नाही, आजोबा शाळेत गेला नाही, जन्ममृत्यूच्या नोंदीत कुणी नाही. गावात राहू दिलं नाही, तर रहिवासाची नोंद कुठून होणार? एका कार्यालयात मी तिच्या वडिलांबरोबर अकरा खेटे घातले. दर वेळी एक नवा कागद. दोन वर्षं गेली, ती अकरावीला खुल्या वर्गातून प्रवेश घेऊन बसली, फी मी भरली. तिचा दाखला त्यानंतर सव्वा वर्षाने मिळाला. ज्या तालुक्यात खोटे दाखले चार महिन्यांत निघतात, तिथे हे घडलं.

माझा विद्यार्थी दिवाळीत पुन्हा भेटला. पडताळणीला गेला नाही म्हणाला, अर्ज मागे घेतला. पोलीस भरतीची तयारी करतोय, आपल्याच प्रवर्गातून. मी त्याला त्या मुलीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘सर, आमच्या वाड्यात आजोबांच्या मोडीतल्या वह्या आहेत. त्यांत राखणदाराला दिलेल्या जोंधळ्याचा हिशोब असतो. राखणदार पारधी होता.’

आम्ही दोघांनी ती वही काढली. मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घेतली. सालं फसलीत होती, हिशोब लावला तर १९४६-४७ चं साल निघालं. नाव, पारधी, आणि दोन मण जोंधळा. त्या घराण्यातल्या तीन मुलांच्या अर्जाला आता ती नोंद जोडली आहे.

गेवराई, माजलगाव, शेवगाव, पैठण, अंबड या भागातल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या माळवदावर, देवघराच्या फडताळात, जुन्या पेटीत मोडीतल्या किंवा उर्दूतल्या वह्या असतील. राखणदार, सालगडी, महिनदार यांचे हिशोब असतील. रद्दीत घालू नका. त्यात पारधी, भिल्ल असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर त्या पानाची झेरॉक्स काढा आणि गायरानावर जाऊन त्यांच्या हातात द्या.